इश्श म्हणणारं शहर

कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, वाळायला लागल्या, की आमच्या कोंढा गावच्या हवेत एक ऊबदार, किंचित तुरट वास भरून राहतो. भाऊबीज उरकलेली असते. कुठेतरी दूर भोंगा वाजतो. आणि पुतणसून दारातून विचारते, "काकाजी, अड्याळच्या मंडईले येता का जी? जीपमंदी जागा हाय."

मी सत्तरीकडे झुकलेला माणूस. गुडघे कुरकुरतात. तरी 'मंडई' हा शब्द कानावर पडला की माझे पाय आपोआप चपला शोधतात. फक्त दरवर्षी एक घोटाळा होतो. पाय अड्याळच्या रस्त्याला लागतात आणि डोक्यात भलतंच गाव उभं राहतं. ट्राम खडखडायला लागते, कोळशाचा धूर नाकात जातो आणि एक धिप्पाड म्हातारा हातात कुदळ घेऊन मला सांगत असतो, "इश्श..."

आधी मंडईचं सांगून टाकतो, कारण पुण्याच्या माझ्या मित्रांना मंडई म्हटलं की मेथीच्या जुड्या दिसतात. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. उसाच्या मोळ्या, पानाची दुकानं, आकाशपाळणा, रात्री दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाचगाण्याचं नाटक. आणि घराघरात पाहुणे. कोण कुणाचा पाहुणा याची चौकशी त्या दिवशी कुणी करत नाही. मंडईला कुणाला आवतण नसतं आणि बिनआवतणाचाही कुणी नसतो. दार उघडं दिसलं, पंगत बसलेली दिसली, की बसायचं. पानात वाढलं जातं. जेवण झाल्यावर घरची म्हातारी विचारते, "कोणाचा गा तू?" तेव्हा सांगायचं. हा नियम मी लहानपणापासून पाळत आलो, आणि एकदा चुकीच्या देशात पाळला.

एकोणऐंशी साली मी लाइपझिगला गेलो. पूर्व जर्मनीत. शिष्यवृत्ती मिळाली होती ती उष्ण प्रदेशातली शेती शिकायची! माझ्या बाबूजींना यातलं तर्कट शेवटपर्यंत उलगडलं नाही. "उन्हाळ्याच्या मुलकाची शेती शिकाले बर्फाच्या मुलकात काहून जाऊन राहिला गा?" ते विचारत. पण मला जायचं होतं. नागपूरच्या पलीकडे मी काही पाहिलं नव्हतं, आणि सगळं पाहायची मला अशी भूक लागली होती की कारण काय ते मी पाहत बसलो नाही.

एक अट होती. पहिले तीन महिने फक्त जर्मन शिकायचं आणि डिसेंबरात तोंडी परीक्षा द्यायची. पास झालात तर पुढं विद्यापीठ. नापास झालात तर जानेवारीच्या विमानानं परत. मध्ये दुसरी संधी नाही. हे आम्हा सगळ्यांना पहिल्याच दिवशी आमच्या बाईंनी, लिंडनरबाईंनी, फळ्यावर लिहून दाखवलं. बाई उंच, नीटनेटक्या, त्यांचं जर्मन इस्त्री केलेलं. त्या बोलायच्या तेव्हा शब्द एकामागून एक रांगेत उभे राहायचे.

वर्गातल्या रांगेत माझं मन रमलं नाही. बाहेर केवढं शहर पडलं होतं! मी एक खेळ काढला. येईल त्या ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तिथून चालत वसतिगृहावर यायचं. रस्ता चुकला तर फारच उत्तम. रेल्वे स्टेशनवर सव्वीस फलाट! मी पहिल्या फलाटापासून सव्विसाव्यापर्यंत चालत गेलो आणि खात्री पटेना म्हणून उलटा मोजत आलो. एका इमारतीत दार नसलेली, न थांबणारी लिफ्ट होती. एका बाजूनं खोकी वर चढतात, दुसऱ्या बाजूनं खाली उतरतात, चालत्या खोक्यात उडी मारून शिरायचं. मला तो आमच्या विहिरीवरचा रहाटच वाटला. फक्त गाडग्यांच्या जागी प्राध्यापक होते. वरच्या टोकाला गेल्यावर खोकं उलटत असेल आणि आतली माणसं पाण्यासारखी पन्हाळात ओतली जात असतील, असं मला मनापासून वाटत होतं. तरी एक दिवस बसलो. वरचा मजला गेला, अंधार झाला, साखळी करकरली, मी छताला हात टेकून रामनाम घेतलं, आणि खोकं सरळच्या सरळ आडवं सरकून पलीकडून खाली उतरायला लागलं. मी आणखी चार फेऱ्या मारल्या. पाचव्या वेळी शिपायानं हाकललं.

शहरभर दगडी कोळशाचा नव्हे, भुऱ्या कोळशाचा धूर. संध्याकाळी तो गल्ल्यांत उतरायचा आणि दिवे पिवळे व्हायचे. लोकांना त्याचा कंटाळा होता. मला तोही आवडायचा. वीस-बावीसच्या वयात परक्या शहराचा धूरसुद्धा आपला सत्कार करतोय असं वाटतं.

फक्त भाषा हाती लागत नव्हती. म्हणजे वर्गातली लागत होती, रस्त्यावरची नाही. बाईंनी शिकवलं होतं, 'मी' म्हणजे 'इच', तोही घशाच्या जरा पुढून, हलकेच काढलेला. आणि रस्त्यावर जो तो म्हणत होता 'इश्श'! ट्रामचा मिशाळ कंडक्टर म्हणे इश्श. कोळशाची पोती वाहणारा पहिलवान म्हणे इश्श. पोलीस म्हणे इश्श. मला वाटलं, हे सबंध शहर लाजून राहिलं आहे की काय! दुसरी गंमत पावाच्या दुकानातली. मी विचारायचो, "पाव आहे का?" दुकानातली बाई म्हणायची, "नू." मी समजायचो, नाही. मुकाट परत यायचो. पंधरा दिवस मी सकाळी उपाशी वर्गात गेलो. मागे फळीवर पाव रचलेले दिसत, पण म्हटलं, ते कुणाच्या तरी नावाचे असतील.

तो ऑक्टोबरातला शेवटचा रविवार. माझ्या हिशोबानं अड्याळच्या मंडईचा दिवस. सकाळपासून मी बेचैन होतो. एका ट्रामनं शेवटच्या थांब्याला उतरलो आणि बघतो तर काय, बांध्या! एकरा-दोन एकराच्या नव्हे, अंगणाएवढ्या, पण एकीला एक लागून, मध्ये धुऱ्यांचे बांध, प्रत्येकीत एक लाकडी खोपटी. शहरातल्या लोकांनी हौसेनं करायच्या त्या बागा होत्या हे मला नंतर कळलं. कुणी बटाटे काढत होतं, कुणी पानं जाळत होतं. कुंपणाला रंगीत कागदाच्या पताका. एका फाटकातून बाजाचा सूर. फाटक सताड उघडं. आत लांब टेबल, ऊन पडलेलं, वीस-पंचवीस माणसं जेवायला बसलेली.

मी आत गेलो आणि बाकाच्या टोकाला बसलो.

मनात शंकासुद्धा आली नाही, हे आज सांगूनही कुणाला पटत नाही. वाजंत्री होती, पंगत होती, दार उघडं होतं. बाजावाल्याचा सूर अर्ध्यात राहिला. मी सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. तेव्हा टेबलाच्या मधून एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई उठली, आत गेली, ताटली घेऊन आली आणि माझ्यापुढे बटाट्याचं सूप आणि आलुबुखाऱ्याचा केक ठेवून गेली. बाजा पुन्हा सुरू झाला. मी खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं. मग तिनं विचारलं, मला कळेल असं सावकाश, हातवारे करून: "कोणाचा गा तू?"

खरं तर तिनं जर्मनमध्ये काय विचारलं ते मला शब्दशः आठवत नाही. ती बाई, एर्ना, आणि तिचा धिप्पाड नवरा कुर्ट या दोघांचं बोलणं मला आज आठवतं ते आमच्या धानपट्ट्यातल्या झाडीबोलीतच. त्याला इलाज नाही. लिंडनरबाई माझ्या आठवणीत पुस्तकी मराठी बोलतात आणि ही दोघं 'मले-तुले' करतात. तसंच लिहितो, कारण फरक नेमका तेवढाच होता. त्या भागाची सॅक्सन बोली हीच मुळी सगळ्या जर्मनीच्या थट्टेचा विषय. तिथं कॉफीची 'गाफे' होते, 'मी'चा इश्श होतो. आणि 'नू' म्हणजे चक्क 'हव', आमचं 'हो'! पावाची गोष्ट मी त्या दिवशी सांगितली तेव्हा कुर्ट एवढा हसला की त्याला टेबल धरावं लागलं. "पंधरा दिस? अन् ते बाई रोज हव म्हणून रायली होती? अरे बाप्पा!"

ते त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं जेवण होतं. मी त्यात विनापरवाना घुसलो होतो. हे कळल्यावर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मोडक्या भाषेत मंडई समजावली. एर्नानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग बरोबरच आला ना. चुकला कोठी?"

तिथून पुढचे सहा आठवडे माझे सुखाचे. कुर्टनं चाळीस वर्षं ट्राम चालवली होती आणि आता निवृत्त होता, पण ट्राम त्याच्या अंगातून उतरली नव्हती. तो मला शहर दाखवायला निघायचा तेव्हा वळण येण्याआधीच त्याचा डावा हात ब्रेक फिरवल्यासारखा हलायचा. त्याच्यासोबत मी चामड्याच्या वासाची गल्ली पाहिली, जुन्या पुस्तकांची दुकानं पाहिली, बाजारातल्या केळ्यांच्या रांगेत दीड तास उभा राहिलो. आम्ही पोहोचलो आणि केळी संपली. "तुह्या गावी होत असन ना?" कुर्टनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या परसात होतात. त्यानं 'परसात' हा शब्द मला दोनदा परत म्हणायला लावला. एर्ना पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. तिनं मला बटाटे वाळूत कसे ठेवायचे, गवताचा थर कधी घालायचा, सफरचंदाला सफरचंद का लागू द्यायचं नाही, सगळं सांगितलं. तिची प्रत्येक सूचना मी तोंडानं परत म्हणायचो. ती चुकलेला शब्द दुरुस्त करायची. मी दर रविवारी जात होतो, मग बुधवारीही जायला लागलो. भाषा माझ्या अंगात पाण्यासारखी जिरत होती. ट्राममध्ये शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण मला पहिल्यांदा शब्दन् शब्द कळलं, त्या दिवशी मी आनंदानं दोन थांबे पुढं गेलो.

आता कधी मंडईत आकाशपाळण्यापाशी उभा राहिलो, की मला तो आनंद जसाच्या तसा आठवतो. शिकण्यासारखा आनंद नाही, हे लोक म्हणतात. मी म्हणेन, आपण शिकतो आहोत हे न कळता शिकण्यासारखा आनंद नाही.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना लिंडनरबाईंनी मला उभं केलं. मी घडाघडा बोललो. वर्गात सगळ्यांत जास्त बोललो. थांबलो तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला होता.

"हे तुम्ही कुठून उचललंत?" त्या म्हणाल्या. "ही जर्मन भाषा नाही, हे बागेतलं बोलणं आहे. परीक्षा समितीचे अध्यक्ष उत्तरेकडचे आहेत. त्यांच्यापुढे असं बोललात तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

मी बुधवारी बागेत गेलो आणि हे सांगून टाकलं. मला वाटलं, कुर्ट हसेल. तो हसला नाही. एर्ना त्याच्यावर कडाडली, "तुले म्हणत होती मी! पोट्ट्याचं वाटोळं केलं तू!" कुर्टनं कुदळ भिंतीला टेकवली, हात धुतले, खुर्चीवर ताठ बसला. आणि माझ्याशी रेडिओसारखं बोलायला लागला.

"आज... हवामान... थंड आहे. आपण कॉफी घेणार का?"

मला 'आपण' म्हणाला! एक वाक्य बोलून तो दुसरं शोधत बसे. हातवारे बंद झाले. ट्राम, बटाटे, केळी, सगळं विरलं. अर्ध्या तासात आमच्यातलं बोलणंच आटलं. आणि त्या ताठ बसलेल्या माणसात मला एकाएकी माझे बाबूजी दिसले.

नागपूरला मी कॉलेजात होतो तेव्हा ते एकदा वसतिगृहावर आले होते. डोक्यावर नव्या धानाच्या पोह्यांची थैली. बोळातूनच त्यांनी हाक मारली, "कसा हायेस गा बाबू? दुबरा काहून झाला?" माझ्याभोवती मित्र होते. माझ्या 'मले-तुले'वर हसणारे, आणि ज्यांच्यासाठी मी ते पुसून टाकलेलं. मी म्हणालो, "मी बरा आहे. आपण बसा." बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेच्या कडेवर ताठ बसून, तलाठ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मला... लवकर निघायचे आहे." दुपारची गाडी धरून ते गेले. थैली राहिली. मी त्या दिवशी केलेली गोष्ट चांगली नव्हती, आणि हे मला लाइपझिगच्या त्या खोपटीत, तीन वर्षांनी, पुरतं कळलं. फार लाज वाटली. माझ्या जन्मातली एकमेव खरी लाज ती.

"असं नोका बोलू," मी कुर्टला म्हणालो. "परीक्षेचं मी पाहीन. इथं आपल्यावानीच बोला."

पुढचे पंधरा दिवस मी वसतिगृहावर रेडिओ लावून बातम्या घोकल्या आणि बागेत बागेतलंच बोललो. एका तोंडात दोन जिभा. ही कसरत मला नवी नव्हती.

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडत होतं. समितीत तिघं होते, लिंडनरबाई एका कडेला. उत्तरेकडचे अध्यक्ष बारीक चष्म्याचे. त्यांनी माझ्यापुढे एक चित्र सरकवलं आणि म्हणाले, वर्णन करा. चित्रात एक माणूस शेतात बटाटे काढत होता.

इतकी चित्रं जगात असताना बटाटे! रेडिओच्या बातम्यांत बटाटे कधी काढत नाहीत. मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द आला, इश्श.

अध्यक्ष हसले. चष्मा काढून पुसला. "पुन्हा, योग्य जर्मनमध्ये," ते म्हणाले. मी प्रयत्न केला. दोन वाक्यं झाली आणि गाडी रुतली. कुदळीला पुस्तकात काय म्हणतात ते मला ठाऊकच नव्हतं. जानेवारीचं विमान मला खिडकीबाहेर उभं दिसत होतं. मग मनात म्हटलं, बुडायचंच आहे तर पोहून बुडू. आणि मी सुटलो. बटाटा कसा काढायचा, कुठल्या मातीत तो दगड होतो, वाळूत कसा ठेवायचा, गवत कधी घालायचं. अध्यक्षांनी मध्येच विचारलं, तुमच्याकडे बटाटे असतात का? मी म्हटलं, आमच्याकडे धान. मग धान सुरू झालं. चिखलणी, रोवणी, तळ्याचं पाणी बांधीबांधीतून कसं उतरतं, सगळं त्याच बागेतल्या बोलीत. माझे हात ट्रामवाल्यासारखे हलत होते. पंधरा मिनिटांची परीक्षा अर्धा तास चालली. अध्यक्ष प्रश्न विचारतच होते, आणि आपण परीक्षा घेतोय हे ते बहुधा विसरले होते.

मला बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी आत बोलावून कागद हातात दिला. चार क्रमांकाचा शेरा, पास होण्यापुरता, त्याखाली एक ओळ: उच्चारात मोठी सुधारणा आवश्यक. लिंडनरबाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांचा हात गार पडला होता.

मी दार उघडलं. बोळाच्या टोकाच्या बाकावर कुर्ट आणि एर्ना बसले होते. सकाळपासून. कुर्टच्या अंगावर काळा सूट, गळ्याला टाय, एर्नाच्या डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. बर्फाचं पाणी त्यांच्या बुटांखाली साचलं होतं. मला पाहताच कुर्ट उठला, टोपी काढली, आणि भोवती साहेबलोक आहेत हे पाहून ताठ झाला.

"महोदय," तो एकेक शब्द जुळवत मला म्हणाला, "आपण... परीक्षेत... उत्तीर्ण झालात काय?"

माझ्या मागे दारात अध्यक्ष उभे होते, लिंडनरबाई उभ्या होत्या, वर्गातली पोरं उभी होती. नागपूरच्या वसतिगृहात असेच लोक बघत असताना मी काय केलं होतं, ते मला ठाऊक होतं.

"झालो ना जी!" मी त्याच्या बोलीत ओरडलो. अख्ख्या बोळात घुमलं. "काठावर झालो, पण झालो! अन् तुमी काहून असे साहेबावानी बोलून रायले?"

कुर्टनं आधी टाय सैल केला. मग बायकोकडे वळला.

"पास झाला वो पोट्टा, एर्ना," तो म्हणाला. "आपल्याच बोलीत पास झाला."